भोंग्यानंतरचं ताट

महापे,
रविवार, १० नोव्हेंबर १९८५

प्रिय अरविंद,

पाकिटावर तुझं आताचं नाव लिहिलं आहे, भन्ते सुमनरतन. खालचा विहाराचा पत्ता ह्यांच्याकडून दोनदा तपासून घेतला, म्हणजे टपालवाल्याला सबब नको. पण आत मी तुला अरविंदच म्हणणार. भन्ते म्हटलं की आपोआप हात जोडले जातात, आणि दोन्ही हात जोडून बसल्यावर पत्र कशाने लिहायचं? थोरल्या बहिणीला एवढी मुभा असू दे. जय भीम.

मी बालवाडीला रजा टाकून, पोरीला घेऊन, उरणहून इथे येऊन राहिले आहे. आईला बरं नाही. 'काळजी करू नकोस' असं पुढे लिहायची पद्धत आहे, पण मी लिहीत नाही. थोडी कर. मागच्या महिन्यात ती नळावर हंडा भरता भरता खाली बसली ती उठलीच नाही. शेजारच्या बायांनी उचलून घरात आणली. ठाण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं की साखर आहे, आणि ती आजकालची नाही. गोळी सकाळी आणि गोळी संध्याकाळी, आणि दोन्ही वेळा गोळीवर पोटभर जेवण. गोळी घेऊन उपाशी झोपली तर साखर एकदम उतरेल आणि एखाद्या दिवशी ती उठायचीच नाही. गोळीच घेतली नाही तर डोळे जातील, पाय जातील. म्हणजे औषध काय, तर संध्याकाळचं जेवण. आणि आई संध्याकाळी जेवत नाही. डॉक्टर रागावले, बाबा रागावले, मी तर भांडलेच. ऐकत नाही. का ऐकत नाही ते सांगायलाच बसले आहे. तुझ्याकडे एक मागायचंही आहे, पण ते शेवटी मागेन, कारण आधी मागितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

तुझी लहानपणची कुठलीही आठवण काढली तरी ती जेवणाशी जाऊन थांबते, हे तुला तिकडे कुणी सांगत नसेल म्हणून मी सांगते. शाळा सुटली की तू गटारावरच्या फळीवरूनच ओरडायचास, "आये, भूक लागली!" सगळ्या वस्तीला कळायचं की अरविंदची शाळा सुटली. आई आतून म्हणायची, "लागू दे मेल्या, आदी हातपाय धू," आणि हे म्हणेपर्यंत तिचा तवा चुलीवर चढलेला असायचा. भाताची खरवड तुझी, कढईच्या तळाचं तुझं, माझ्या ताटातलंही अर्धं तुझंच. इतका खादाड मुलगा पुढे जाऊन एकवेळ जेवणारा होईल असं कुणी भविष्य सांगितलं असतं तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

मग ते दोघे आले. तू दहावी होऊन कंपन्यांच्या गेटावर उभा राहत होतास ते दिवस. सिलोनहून धम्मदूत येणार म्हणून आपल्या अध्यक्षांनी, रावसाहेबांनी, पत्र्याच्या विहाराला चुना मारून घेतला होता. आपल्याला वाटलं कोणी पिकल्या दाढीचे, गंभीर असे येतील. आले ते भन्ते पियनंद आणि भन्ते सोरत, दोघंही पंचविशीच्या आतले, दाढीचा पत्ता नाही आणि मराठीचाही नाही. तीन वर्षांची सेवा घेऊन आले होते बिचारे, घरापासून एवढ्या लांब. मराठी शिकले ती वस्तीतल्या बायांकडून, त्यामुळे धम्म समजावून सांगतानासुद्धा भन्ते सोरत मध्येच 'अगो बाय' म्हणायचे आणि बाया पदरात तोंड लपवून हसायच्या. पोरांची पतंग विहाराच्या पत्र्यावर अडकली की भन्ते पियनंद शिडी लावून काढून द्यायचे, आणि देण्याआधी ती एकदा हातात धरून वाऱ्यावर कशी राहते ते बघायचे. मी ते बघितलं आहे.

आईने एकदा भोजनदानाला घावनं केली होती, नारळाच्या रसात. भन्ते सोरतांनी पहिला घास घेतला आणि थांबले. आईला वाटलं, मीठ विसरलं. नंतर त्यांनी सांगितलं की त्यांच्या घरी, समुद्राकाठच्या गावात, त्यांची आई असंच काहीतरी करते, तांदळाच्या पिठाचं आणि नारळाच्या दुधाचं, फक्त ते वाटीसारखं खोलगट असतं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले आणि ते लपवायला ते पाणी प्यायले. त्या दिवसापासून आईने त्या दोघांना आपलेच मानले. तुला ती विहारात डबा घेऊन पाठवायची. डबा पोचवायला जाणारा तू तासन् तास परतायचा नाहीस, आणि एक दिवस घरी येऊन म्हणालास की भन्ते परत निघतील तेव्हा मीही त्यांच्याबरोबर जाणार.

बाबांनी तुला एकच विचारलं, नोकरी लागत नाही म्हणून चाललास का? तू नाही म्हणालास, आणि त्यांनी तुझ्यावर विश्वास ठेवला. आईनेही एकच विचारलं, "थितं जेवायला काय देतात?" तू हसलास. तुझी श्रामणेर-दीक्षा झाली त्या दिवशी मुंडण केलेलं तुझं डोकं इतकं लहान दिसत होतं की मला तू पाळण्यातला आठवलास. आणि आई पुढे आली आणि तिने गुडघे टेकून तुला तीन वेळा वंदन केलं. आपल्या पोटच्या पोराला. सगळे 'साधु, साधु' म्हणत साधुकार देत होते. मला अभिमान वाटला हे खरं, आणि तू निदान एकदा नजर वर करून तिच्याकडे बघायला हवं होतंस असं वाटलं, तेही तितकंच खरं.

आता त्या जेवणाचं. ते दोघे सेवा संपवून निघाले होते आणि तू त्यांच्या मागून. संध्याकाळी दादरहून मद्रासची गाडी. वस्तीने ठरवलं की निरोपाचं भोजनदान असं करायचं की सिलोनात जाऊन सांगतील. घरोघरचं एकेक भांडं विहारात आलं होतं. उकड्या तांदळाचा भात, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, लाल माठ, कुणाची शेवयांची खीर. आई म्हणाली, मी घावनं करणार, आणि ती गार करून नेणार नाही, तिथेच घालून गरम वाढणार. विहाराच्या मागे तीन विटा मांडून तिने चूल केली. मी नारळ खवून खवून बोटं सोलून घेतली होती. तुम्हा तिघांना पाटावर बसवलं, त्रिशरण-पंचशील झालं, ताटं मांडली, आणि मग रावसाहेब 'दोन शब्द' बोलायला उठले.

रावसाहेबांना तू ओळखतोस. माणूस सोन्याचा, पण हातात माईक आला की संपलं. त्यांनी सुरुवात केली तीच सम्राट अशोकाच्या मुलाला सिलोनला पाठवून. तिथून ते आपल्या वस्तीच्या नळापर्यंत यायचे होते. बाया भांडी घेऊन उभ्या, पोरं माशा वारतायत, भन्ते पियनंद शांत बसलेले, फक्त भन्ते सोरत मधूनमधून दारातून येणाऱ्या वासाकडे बघत होते. बारानंतर भन्ते घास घेत नाहीत हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण बोलणाऱ्याला थांबवायचं कोणी? अध्यक्ष होते ते.

शेवटी भाषण संपलं. आई घावनांची परात घेऊन आली. वाफा येत होत्या. वाढायला सुरुवात करायची वडील भन्तेंपासून, पण ती चुकून तुझ्या बाजूने शिरली. चुकून नव्हे, मला ठाऊक आहे. तिने पहिलं घावन तुझ्या ताटात टाकलं, त्यावर रस घालायला पळी बुडवली, आणि कंपनीचा बाराचा भोंगा झाला. तो भोंगा कधी एवढा लांब वाजला नव्हता. भन्ते पियनंदांनी ताटावर हात उपडा धरला. मग भन्ते सोरतांनी. मग तू. दत्तूकाका मागून ओरडले, "भन्ते, तो भोंगा पुडं असतो, मी थितंच कामाला हाय!" कोणी हसलं नाही. भन्ते सोरत म्हणाले, "असू दे, अगो बाय, असू दे," आणि आईकडे बघून त्यांनी मान लववली. आई पळी धरून तशीच उभी होती. रस पळीतून ठिबकत होता. तू ताटाकडे बघत होतास, तिच्याकडे नाही.

लिंबाचं सरबत चालतं म्हणून सरबत दिलं. तेवढ्यावर तुम्ही तिघं गेलात. घावनं पोरांनी फस्त केली, त्यांना भोंग्याचं काय. वस्तीने ते दुःख आठवडाभर केलं आणि मग त्याची गोष्ट झाली. रावसाहेब आजही भाषणं करतात, पण जेवणं उरकल्यावर. आधी माईक मागितला तर बाया सरळ काढून घेतात.

तुझी पत्रं येत राहिली. सर्वांना मैत्री, मी कुशल आहे, अभ्यास चालू आहे. आई मला वाचायला लावायची आणि दर वेळी विचारायची, "जेवनाचा काय लिवलाय?" तू कधी काही लिहिलं नाहीस. मी दोन-तीनदा मनाचं घालून वाचलं, तिकडेही वालाचं बिरडं मिळतं म्हणून. तिचा विश्वास बसला नाही.

आता तुला वाटेल, आई इतकी वर्षं संध्याकाळी जेवत नव्हती आणि घरात कुणाला कळलं कसं नाही. अरे, आपल्या घरांत बाई जेवते ती सगळ्यांच्या शेवटी, चुलीकडे तोंड करून. ती जेवली की नाही हे बघायला कोण जातं? 'जेवलीस का' म्हटलं की 'जेवली' म्हणायचं. मला कळलं ते माझ्या बाळंतपणात, ती उरणला महिनाभर माझ्याकडे राहिली तेव्हा. संध्याकाळची तिची भाकर रोज सकाळी फडक्यात तशीच्या तशी असायची. विचारलं तर म्हणाली, रात्री जड होतं. मी म्हटलं, वय झालं असेल. बाबांना मात्र आधीपासून ठाऊक होतं. ते संध्याकाळी जेवताना तिच्याकडे पाठ करून बसतात. मी ते कितीदा बघितलं होतं आणि मला वाटायचं, तऱ्हेवाईकपणा.

ती पडली, शुद्धीवर आली, तेव्हा सगळं बोलली. आमच्या कुणाकडे न बघता, आढ्याकडे बघून. त्या दिवशी रावसाहेब बोलत होते तेव्हा बाबा विहाराच्या मागे गेले होते, चुलीपाशी. म्हणाले, वेळ जातोय, त्याला आवरायला सांगू का? आणि ही म्हणाली, "बोलू दे त्याला, माजी घावनं व्हायची हायत. गार घालू का पोराला?" एवढंच. सगळ्या वस्तीने रावसाहेबांना बोल लावले आणि ही एवढी वर्षं ते ऐकत होती आणि आत म्हणत होती की पोराला मी उपाशी घालवला. तुम्ही गेलात त्या रात्री तिने ताट वाढून घेतलं आणि तिला घास उचलेना. दुसऱ्या रात्रीही उचलला नाही. मग तेच ठरून गेलं. मी समजावलं की भन्तेंना सवय असते, त्यांना रात्री भूक लागत नाही. ती म्हणाली, "तुला काय ठाव? त्याला चार येळा लागायचा. पोर तिकडं उपाशी निजतो नि मी हिकडं गोळीवर भाकर खाऊ?"

विहारात आता नागपूरकडचे एक वयस्क भन्ते असतात. मी त्यांना घरी घेऊन आले. म्हटलं, आमचं नाही तर चीवराचं तरी ऐकेल. त्यांनी तिला नीट सांगितलं की उपासिके, हा नियम भिक्खूंचा, तुमचा नाही, तुम्ही औषध म्हणून जेवा. ती वंदन करून म्हणाली, "तुमचा खरा हाय, भन्ते," आणि संध्याकाळी पुन्हा ताट सारलं. दुसऱ्या दिवशी ते परत आले आणि मी त्यांना त्या जेवणाची हकीकत सांगितली. तेवढ्यात बाराचा भोंगा झाला. ते ऐकत राहिले आणि मग त्यांनी अंगणात एक काठी रोवली. म्हणाले, विनयातली, म्हणजे भिक्खूंच्या नियमांतली, माध्यान्ह भोंग्याची नसते, सूर्याची असते. आम्ही बघत बसलो. भोंगा होऊन गेला होता तरी काठीची सावली आखडतच होती. पुष्कळ वेळ आखडत राहिली. मग कुठे थांबली आणि वळली. आपल्याकडे सूर्य भोंग्यानंतर बऱ्याच वेळाने माथ्यावर येतो, ते म्हणाले. सिलोनहून आलेले ते दोघे तरुण, त्यांनी तिकडच्यासारखेच घड्याळाचे बारा धरले, आणि आपण तर जन्मभर त्या कंपनीच्या भोंग्यावर उठलो, जेवलो. दुसरी माध्यान्ह आपल्याला कुठे ठाऊक होती?

मला वाटलं आईला हायसं वाटेल. ती दारात बसून सगळं बघत होती. तिने विचारलं, "म्हंजे तवा पोर जेवला असता?" भन्ते हो म्हणाले. खोटं कसं बोलणार. आई तिथेच बसून रडली, अरविंद. तू गेलास तेव्हा रडली नव्हती, ती परवा रडली. ताट वाढलेलं होतं, घावन गरम होतं, वेळही होती, आणि पोर हात उपडा धरून उठला, हे तिला आता नव्याने कळलं होतं. मला त्या काठीचा इतका राग आला की भन्ते गेल्यावर मी ती मोडून चुलीत घातली. तुझाही राग आला. तू एवढा धम्म शिकलास, एका पत्रात एवढं लिहिलं असतंस की आई, मी पोटभर जेवतो, तर काय बिघडलं असतं?

तू म्हणशील, ताई, ही आसक्ती आहे. असेल. त्यातलं शास्त्र तुला कळतं. काल मी तिला उचलून बाजेवर ठेवली, तर माझी पोर जड वाटावी इतकी ती हलकी झाली आहे, आणि मला तेवढंच कळतं. आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. तू ये. पण भन्ते म्हणून सकाळी येऊन, दान घेऊन, अनुमोदन देऊन जाऊ नकोस; तसं केलंस तर ती गुडघे टेकेल, तुला वाढेल, आणि रात्री पुन्हा उपाशी झोपेल. भन्तेंना मी विचारलं आहे. ते म्हणाले, चीवर उतरवून ठेवता येतं, त्यात बळजबरी नसते, आणि मनापासून वाटलं तर पुन्हा घेताही येतं. मी काय मागते आहे ते मला पुरतं कळतं, आणि तरी मागते. तिकिटाचं हे बघतील. एका संध्याकाळपुरता अरविंद होऊन ये. भोंगा होऊन जाऊ दे, सावली वळू दे, दिवेलागण होऊ दे, मग ये. मी पीठ दळून आणलं आहे, नारळ आणून ठेवले आहेत. तू आत येऊ नकोस, आशीर्वाद देऊ नकोस, काही समजावू नकोस. गटारावरच्या फळीवरूनच ओरड, आये, भूक लागली. उठून तवा ठेवण्याइतकं बळ तिच्यात अजून आहे, पण लवकर ये.

तुझी वाट बघणारी, तुझीच
गोजराताई